दूध कट्ट्यावर बापूंचा ब्लॉक

रात्री साडेनऊला कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पोचलो तेव्हा बाळू आधीच तापला होता. समोर म्हशीची धार चाललेली, ग्लासावर फेस चढलेला, आणि हा मांडीवर थाप मारून सांगत होता, "पाइप तुंबला की साफ करायचा. त्यात इचार कसला करायचा?"

बापू गप्प. मांडीवर पिवळा लिफाफा. आत काय आहे ते एव्हाना सगळ्या कट्ट्याला पाठ झालेलं. कर्नाटकातल्या हसन जिल्ह्यात अटॅकनं माणसं गेल्याच्या बातम्या आल्यापासून सुनेनं धोशा लावला, बापूंची स्ट्रेस टेस्ट बिघडली, अँजिओग्राफी झाली, एका शिरेत ८० टक्के ब्लॉक निघाला आणि टेबलावर आडवं असतानाच त्यांना विचारलं, "स्टेंट टाकून घेऊया का?" स्टेंट म्हणजे शीर उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी. बापूंनी एसटी चालवत ३४ वर्षं घाट उतरलेत. ते म्हणाले, "घरात इचारून सांगतो." आणि घरी न जाता कट्ट्यावर आले.

"८० टक्के म्हंजे २० टक्के पाणी राहिलं," बाळूचं चालूच. "आमच्या खात्यात असं झालं असतं तर पेठंनं मोर्चा काढला असता."

"मोर्चा काढल्यावर तरी तुमचं खातं कुठं यायचं?" मागून मंदाताईंचा आवाज आला.

ताई रोज याच वेळेला किटली घेऊन येतात. सरकारी दवाखान्यात हृदयविभागात २६ वर्षं काढली, अजून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. बाळू जन्मभर पाणीपुरवठ्यात होता, त्याला माणसाच्या अंगातही पाइपच दिसतात. परवा मास्तरांच्या गुडघ्याला त्यानं 'वायसर गेलाय' म्हणून सांगितलं होतं.

सिस्टरनी किटली खाली ठेवली. "बापू, दुखतंय कधी?"

"जोतिबाच्या पायऱ्या चढताना छातीवर गोणी ठेवल्यागत हुतंय. थांबलं की पाच मिनटात जातंय."

"किती दिवस?"

"वरीस झालं असंल."

"वाढलंय? बसल्या जागी, रात्री झोपेत कधी?"

"न्हाई. तेवढंच हाय, जोतिबापुरतं."

"मग हा अटॅक न्हवं," सिस्टर म्हणाल्या. "अटॅक असता तर मी तुम्हाला इथं बसू दिलं असतं का? रिक्षात कोंबून नेलं असतं. अटॅकात घड्याळ बघायचं, ह्यात कागद बघायचा. आणा तो इकडं."

दुकानाच्या दिव्याखाली त्यांनी रिपोर्ट वाचला. डावीकडची मुख्य शीर साफ, हृदयाचं पंपिंग ६० टक्के म्हणजे चांगलं, ब्लॉक एकाच शिरेत. हे तिन्ही त्यांनी दोनदा वाचून दाखवलं, आणि तिथंच मला राहवलं नाही. म्हटलं, बापू, नेमकी तुमच्यासारखीच माणसं घेऊन जगात एक मोठी चाचणी झाली आहे. 'इस्केमिया' तिचं नाव. ३७ देश, ५१७९ माणसं, आपल्या देशातलीही त्यात होती. सगळ्यांची स्ट्रेस टेस्ट बिघडलेली, पण मुख्य शीर शाबूत आणि दुखणं स्थिर. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला गोळ्या अधिक लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला आधी नुसत्या नीट गोळ्या. तीनेक वर्षांनी मोजलं तर पहिल्या गटात १४५ माणसं गेली होती आणि दुसऱ्यात १४४.

"एकाचा फरक?" बापूंनी पहिल्यांदा मान वर केली.

"एकाचा. आणि गोळ्यांवाल्यांची दारं काही बंद केली नव्हती. चार वर्षांत त्यांच्यातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढं स्टेंट किंवा बायपास करावंच लागलं. बाकीच्यांचं गोळ्यांवर निभावलं."

"कागदावरचं हाय ते," बाळू म्हणाला. "तिकडच्या माणसाचं रगात येगळं, आपलं येगळं."

"वेगळंच आहे," सिस्टर म्हणाल्या. "आपल्याला अटॅक लवकर येतो. ५२ देशांत तपासलंय, इंटरहार्ट. २००४ साली छापून आलं. आपला केरळचा माणूस, सलीम युसुफ, त्याचा पुढारी. पहिला अटॅक आपल्या भागातल्यांना सरासरी ५३ व्या वर्षी, बाकीच्या जगाला ५९ च्या आसपास. आणि कारणं कुठली? सगळीकडं तीच. विडीकाडी, कोलेस्टेरॉल, बीपी, साखर, पोटाचा घेर, मनाचा ताण, न चालणं. रक्त बदलून घ्यायला कुठं जातोस? हातात काय आहे ते बघ."

हातात तंबाखू होती. चुना लावून झालेला. बाळूनं मूठ मिटली.

"चघळायच्या तंबाखूनंसुद्धा धोका दुपटीहून जास्त वाढतो, त्याच अभ्यासात आहे," मी म्हटलं.

"तू गप. तुझ्या थोरल्याला स्टेंटनंच वाचीवला न्हवं का?"

हे बाळूनं बोलायला नको होतं. आमच्या घरातली ती जखम त्याला माहीत आहे. २०१६ साली माझ्या थोरल्या भावाला असंच चालताना छातीत भरून यायचं. एका दवाखान्यात टेबलावरून कुणीतरी बाहेर आलं आणि वहिनीला म्हणालं, आत्ता नाही टाकला तर उद्याची खात्री नाही. वहिनीनं त्याच दुपारी पाटल्या गहाण टाकल्या. नुसत्या स्टेंटचे १ लाख ४० हजार. पुढच्याच फेब्रुवारीत सरकारनं दर बांधून दिला, औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६०. वहिनीनं ते पेपरचं कात्रण अजून पाटल्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलंय. पण मला पैशापेक्षा दुसरं लागतं. भावाला वाटलं, ब्लॉक गेला म्हणजे रोग गेला. स्टेंट बसला तरी गोळ्या चालूच ठेवायच्या असतात हे त्याला बसवून कुणी सांगितलं नाही. दोन वर्षांत त्यानं त्या सोडल्या. २०१९ ला अटॅक आला तो दुसऱ्याच शिरेत. तेव्हा मात्र तासाभरात टेबलावर घेतलं, अँजिओप्लास्टी केली आणि तो वाचला. दोन्ही वेळेला तोच स्टेंट. एकदा थांबता आलं असतं, एकदा थांबलो असतो तर भाऊ गेला असता.

मी हे बोललो तेव्हा धारेचा आवाज तेवढा येत होता.

"दुसऱ्या शिरेत कसा काय?" बाळूनं जरा वेळानं विचारलं, आवाज उतरवून.

"कारण ती पाइप न्हवं, बाळू," सिस्टर म्हणाल्या. "शिरेच्या भिंतीत चरबीचं गळू होतं. ते फुटलं की त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि रस्ता एकदम बंद. त्याला अटॅक म्हणायचं. आणि फुटणाऱ्या गळूनं पुष्कळदा शीर निम्मीसुद्धा आवळलेली नसते, अँजिओत ते डोळ्यात भरतच नाही. रोग सगळ्या शिरांत. गोळ्या सगळीकडं पोचतात. गळती शहरभर, आणि तू एका कोपऱ्यावरचा सांधा बदलून नगरसेवकासंगं फोटो काढणार."

कट्टा फुटला. बाळूच्या घरी तसा फोटो खरोखरच आहे, फ्रेम करून लावलेला.

"आणि सांधा बदलताना माझ्या दारात खड्डा काढलास, तीन म्हैने बुजीवला न्हाईस," बापूंनी संधी साधली. "पोरगी घसारली हुती त्यात."

"टेंडर अडकलं हुतं!"

"टेंडर न्हवं, तू अडकलावतास. थेट पाइपलाइनचं नाव सांगून चार पावसाळं काढलास."

एवढ्यात मास्तरांनी घसा खाकरला. म्हणाले, "म्हणजे स्टेंट ही निव्वळ लूट आहे, हे तुमच्याच तोंडून सिद्ध झालं. मी सकाळी दुधीचा रस घेतो. एका व्हिडिओत..."

"मास्तर, लूट असं कोण म्हणालं?" सिस्टर त्यांच्यावरही वळल्या. मला त्या यासाठीच आवडतात, त्यांच्या बाजूनं चुकीचं बोललेलं त्यांना चालत नाही. त्यांनी मला 'ऑर्बिटा' सांगायला लावली. इंग्लंडात २०० जणांवर केलेली चाचणी, २०१७ ची. सगळ्यांना टेबलावर घेतलं, गुंगी दिली, कानाला गाणी लावली, आणि निम्म्यांना स्टेंट टाकला, निम्म्यांना नाही. कुणाला टाकलाय ते रोग्याला माहीत नाही. सहा आठवड्यांनी पट्ट्यावर चालवलं तर स्टेंटवाले फक्त साडेसोळा सेकंद जास्त चालले. तो फरक नशिबाचाही असू शकतो इतका लहान.

मास्तर "बघा!" म्हणणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "पुढचं ऐका. त्या सगळ्यांना आधीच भरपूर गोळ्या चालू होत्या. त्याच मंडळींनी २०२३ ला ३०१ माणसं घेऊन, छातीदुखीच्या गोळ्या बंद करून पुन्हा तपासलं. तेव्हा स्टेंटनं दुखणं खरोखर कमी झालं. आणि इस्केमियात ज्यांना दर आठवड्याला नाहीतर रोज दुखायचं, त्यांच्यात वर्षाच्या शेवटी स्टेंटवाले निम्मे मोकळे झाले होते आणि गोळ्यांवाले पाचातला एक. त्यामुळं बापूंना उद्या जिना चढता येईना, गोळ्या पुऱ्या पडेनात, तर खुशाल टाकावा. पण दुखणं कमी करायला टाकतोय, हे माहीत असून टाकावा. मरणाची भीती घालून नको."

मग दुधीचा समाचार झाला. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावल्यावर आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, समिती नेमून सांगितलं आहे, की रस कडू लागला तर पिऊच नका. मास्तर म्हणाले, कडू तेच औषधी. सिस्टरनी कपाळाला हात लावला. "मास्तर, कडू दुधीचा रस पिऊन रक्ताची उलटी झालेला माणूस मी हातानं धरलाय." मास्तरांनी लगेच मोर्चा गोळ्यांकडं वळवला, सगळं रसायन आहे म्हणून. त्यांना सांगितलं, कोलेस्टेरॉलच्या गोळीचं मूळ क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत आहे. अकिरा एंडो नावाच्या जपानी माणसानं हजारो बुरश्या चाळून १९७३ च्या सुमाराला ते शोधलं. पुढं १९९४ ला ४४४४ रोग्यांवरच्या चाचणीत औषध नसलेल्या नकली गोळीच्या गटात २५६ माणसं गेली आणि औषधाच्या गटात १८२. त्या ७४ जणांसाठी मी कुठल्याही कट्ट्यावर भांडायला तयार आहे.

"आणि बायकांचं काय?" सिस्टर एकदम म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. "छाती दुखली तर तुम्ही गडी तरी बोंबलता. बाईला कधी नुसता दम लागतो, जबडा दुखतो, पाठीत भरतं, मळमळतं. ती ओवा खाते, सोडा पिते आणि पहाटेपर्यंत कळ काढते. सकाळी आणतात तेव्हा हृदयाचा तुकडा गेलेला असतो. मी अशा किती पाह्यल्या. गॅस आहे का काय हे ईसीजीनं ठरवावं, सासूनं न्हवं." आणि बापूंकडं वळून, "तुम्हीसुद्धा. बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, वीस मिनिटं गेलं नाही, तर मला विचारायला कट्ट्यावर येऊ नका. १०८ लावा."

"आणि ॲस्पिरिन?" बापूंनी लिफाफ्यातली चिठ्ठी काढली. "ही लिहून दिल्यात."

ती घ्याच, मी म्हटलं, आणि तिची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९८८ ची चाचणी, आयसिस-२. अटॅक आलेली १७,१८७ माणसं. ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदयानं गेलेले ८ टक्के, काहीच न मिळालेल्यांत १३ टक्क्यांवर. हे छापणाऱ्या मासिकाचे संपादक म्हणाले, आता वेगवेगळे गट पाडून दाखवा, कुणाला जास्त उपयोग झाला ते. संशोधक तयार होईनात. शेवटी म्हणाले, ठीक, मग राशीही छापायच्या. आणि राशीवार मांडलं तर निघालं की ॲस्पिरिन मिथुन आणि तूळ सोडून बाकी सगळ्यांना लागू पडतं! आकडे हवे तसे कापले की कसा खोटा निकाल निघतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

पण हे शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. मास्तर उठून उभे राहिले होते. "माझी रास तूळ आहे," ते म्हणाले. "मी सहा वर्षं ॲस्पिरिन घेतोय."

"मास्तर, गेलासा!" बाळू ओरडला.

"थांबा, थांबा. साहेबाची रास सूर्यावरून. आपली चंद्रावरून. जन्म ९ नोव्हेंबरचा, म्हणजे त्यांच्या हिशेबानं मी..."

"वृश्चिक," सिस्टर म्हणाल्या. "उपयोग होतोय. बसा खाली."

म्हशीवालासुद्धा धार थांबवून हसत होता. मास्तर खरोखरच हायसं वाटून बसले, आणि त्यानं हसू आणखी वाढलं. बापू इतके हसले की सिस्टरनी सवयीनं त्यांची नाडी धरली.

हसू ओसरल्यावर त्यांनी बापूंच्या लिफाफ्यावर पेननं चार ओळी लिहिल्या. स्टेंटनं माझं आयुष्य वाढणार का दुखणं कमी होणार? आधी गोळ्या पुऱ्या करून तीन महिने बघू का? थांबलो तर कशावर लक्ष ठेवू? टाकला तर पुढं कुठल्या गोळ्या, किती वर्षं? "मी डॉक्टर न्हवं," त्या म्हणाल्या. "हे घेऊन डॉक्टरांकडं जा. दुसऱ्याही एकाला दाखवा. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागवत नाही."

"आणि हे?" बापूंनी समोरच्या फेसाळ ग्लासाकडं बोट केलं.

"अर्धा. तोही रोज नाही. आणि पायऱ्यांऐवजी रंकाळ्याला सपाटीवरून चाला."

बाळूचा हात उरलेल्या अर्ध्यासाठी आपसूक पुढं आला. बापूंनी ग्लास मागं ओढला.

"आधी तो खड्डा बुजीव," ते म्हणाले, "मग पी."