किल्ल्यांचा जुडगा कुणाकडे?

वार्षिक सभा जवळ आली की महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांत, ठरलेला वाद पेटतो. तरुण संघ म्हणतो, कमिटीत वर्षानुवर्षं तेच चेहरे आहेत. जुने पंच म्हणतात, पोरं दोन महिन्यांत दमतात, मग छप्पर गळलं तर कोण बघणार? शेवटी दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत होतं: पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, बदलून हवा. वचन चांगलं सांगणारा, घरभेटी घेणारा, आणि जमलंच तर गिटार वाजवणारा.

दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे. पण सगळी चर्चा माणसांभोवती फिरते, मुदतीचा विषय निघत नाही. इंग्लंडमध्ये राहून अँग्लिकन पॅरिशचा, म्हणजे तिथल्या स्थानिक मंडळीचा, कारभार पाहताना हेच आधी डोळ्यांत भरतं. इथली बाकं बहुतेक रविवारी अर्धी रिकामी असतात, तरी कोण कोणत्या वर्षी पदावरून उतरणार हे कागदावर असतं. आपल्याकडे नाताळला उभं राहायला जागा मिळत नाही, आणि खजिनदार कधी उतरणार हे विचारणंसुद्धा उद्धटपणाचं ठरतं.

इथली मतदारयादी दर सहा वर्षांनी मोडीत काढून नव्याने करतात. 2019 मध्ये केली, मग 2025 मध्ये. जुनं नाव आपोआप पुढे सरकत नाही. चाळीस वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनाही पुन्हा अर्ज भरावा लागतो. कौन्सिलवर, म्हणजे पॅरिशच्या कमिटीवर, निवडून येणाऱ्यांची संख्या या यादीवर ठरते: 50 पर्यंत नावं असली तर 6, 100 पर्यंत 9, पुढे वाढत जास्तीत जास्त 15. मुदत तीन वर्षांची, आणि दरवर्षी एक तृतीयांश सदस्य उतरतात. त्यामुळे सगळी जाणती माणसं एकाच दिवशी बाहेर पडत नाहीत. वार्षिक सभा 31 मेच्या आत घ्यावीच लागते. चर्चवॉर्डन, म्हणजे सभासदांतून निवडलेले कारभारी, दोन, सलग सहा वर्षं झाली की दोन वर्षं विश्रांती. पळवाटही आहे. सभेने ठराव केला तर हे बंधन बाजूला ठेवता येतं, आणि माणसंच उरली नाहीत अशा खेड्यांत ते ठेवलं जातं.

आपल्याकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ याच यादीत आहे. मयत झालेल्यांची नावं, लग्न होऊन दुसऱ्या मंडळीत गेलेल्या मुलींची नावं, नोकरीला लागून पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्यांची नावं. वर्षभर उपासनेला न दिसणारी घरं मतदानाच्या रविवारी गाडी करून येतात. हरकती निघतात त्या आदल्या आठवड्यात, आणि ज्याला हरण्याची धास्ती असते तो तिथूनच कोर्टाची वाट धरतो. म्हणून यादीचं काम निवडणूक नसलेल्या वर्षी करावं. घरोघरी अर्ज द्यावेत, आलेली नावं पंधरा दिवस चर्चच्या फलकावर लावावीत, हरकती लेखी घ्याव्यात आणि त्यांचा निकाल एकाच बैठकीत लावून यादी बंद करावी. निवडणुकीच्या आधीचे तीन महिने नवं नाव घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम सर्वांत जास्त बोचतो, आणि म्हणूनच तो निवडणूक डोळ्यांसमोर नसताना करून ठेवावा लागतो.

आता व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे पाळकांच्या चर्चमधल्या खोलीतल्या, कपाटाकडे येऊ. त्यात बाप्तिस्म्याची, लग्नांची आणि दफनाची रजिस्टरं असतात, प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला असतो, मुदत ठेवींच्या पावत्या असतात. जुडगा असतो कमिटीतल्या एका ज्येष्ठांच्या खिशात. नवा पाळक येतो तेव्हा त्याच्या हातात हार येतो, नारळ येतो, चहाचा कप येतो. किल्ली येत नाही. पहिलं लग्न ठरलं की रजिस्टर त्या ज्येष्ठांच्या घरून मागवावं लागतं. लग्नाचं रजिस्टर 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालचा दस्त आहे, आणि त्यातल्या नोंदीच्या नकलेवर पुढे पासपोर्ट आणि वारसाहक्क अडतो, हे कुणाच्या गावीही नसतं. इंग्लंडात चर्चवॉर्डनना मालमत्तेची यादी आणि दुरुस्त्यांची नोंदवही ठेवावी लागते, आणि ती दरवर्षी प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून कौन्सिलपुढे मांडावी लागते. काम कंटाळवाणं, पण प्याला नेमका कोणत्या साली हरवला ते त्यातून कळतं.

आपल्याला एवढं पुस्तक नको, हस्तांतराचा एक कागद पुरे. प्रत्येक रजिस्टरमधल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक, बँकेतली शिल्लक, देणी, दृढीकरणाच्या वर्गातली मुलं, घरी प्रभुभोजन द्यावं लागतं अशा आजाऱ्यांची नावं. खाली तीन सह्या: जाणारा, येणारा आणि साक्षीला नात्यात नसलेला एक सभासद. जी मंडळी धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, तिने विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो राहून जातो, दप्तरी जुनीच नावं राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही, आणि निवडून आलेली कमिटी पाळकाच्या पगारासाठी निवडून न आलेल्या माणसाच्या दारात उभी राहते.

पाळक नेमण्याच्या बाबतीत मात्र इंग्लंडची नक्कल करू नये, असं माझं मत आहे. इथे व्हिकर, म्हणजे पॅरिशचा पाळक, गेला की 1986 च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलची खास बैठक होते. जाणाऱ्या व्हिकरला आणि त्याच्या जोडीदाराला तिथे बसता येत नाही. पॅरिशची स्थिती, गरजा आणि परंपरा सांगणारं निवेदन तयार होतं, आणि सभासदांचे दोन प्रतिनिधी निवडले जातात, ज्यांच्या संमतीशिवाय साधारणपणे नेमणूक होत नाही. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात जागेची जाहिरात निघते, सुखवस्तू उपनगरासाठी अर्ज येतात आणि गरीब वस्तीसाठी येत नाहीत. खेड्यांत तर एका व्हिकरकडे पाच-सहा, कधी दहा चर्चेस असतात. आपली वरून ऑर्डर काढून पाळकाची बदली करण्याची पद्धत कितीही खुपली तरी दुष्काळी तालुक्यातल्या वीस घरांच्या मंडळीला तिच्यामुळेच पाळक मिळतो. निवड मंडळीच्या हाती दिली तर शहरातल्या मोठ्या मंडळ्या चांगले संदेशक उचलतील आणि वीस घरं वाट बघत बसतील.

घेण्यासारखं आहे ते निवेदन. बदलीची ऑर्डर येते आणि नव्या माणसाला काय वाढून ठेवलंय ते कळायला दीड वर्ष जातं. तोवर त्याच्या पुढच्या बदलीची कुजबुज सुरू. त्याऐवजी दोन पानं लिहा. घरं किती, शब्बाथ शाळेत (रविवारच्या बायबल वर्गात) मुलं किती, जोडलेली गावं कोणती आणि शेवटची एसटी किती वाजता, पगार वेळेवर होतो का, कोर्टात काय चालू आहे, कोणती दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटच्या दोन गोष्टी लिहायला कमिटी तयार होत नाही. नेमक्या त्याच लपवल्याने नवा पाळक पहिल्या महिन्यात एका गटाच्या घरी जेवतो आणि दुसऱ्या गटाला कायमचा मुकतो.

तरुणांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. आपण त्यांना खुर्च्या मांडायला देतो, खुर्चीत बसायला देत नाही. अध्यक्ष नवखा नसावा असं बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि जुने पंच ते वचन हटकून काढतात. त्याच अध्यायात चार वचनं पुढे सेवकांची आधी पारख व्हावी असंही आहे. पारख करायची तर काम द्यावं लागतं, आणि मुलीला किंवा मुलाला पहिल्याच दिवशी माइक देणं म्हणजे पारख नव्हे. तीन महिने फक्त शास्त्रवाचन. उतारा शुक्रवारी मोठ्याने वाचून घ्यायचा. मग मध्यस्थीची प्रार्थना, लिहून आणलेली. त्यानंतर घरच्या प्रार्थनासभेत सात मिनिटांचा संदेश, पाळकांनी आधी पाहिलेला. वर्षभराने जोडगावातली उपासना. हिशेबाचंही तसंच: उपखजिनदार एक वर्ष सहीचा अधिकार नसताना वही लिहितो, आणि अर्पण नात्यात नसलेले दोघं त्याच दिवशी मोजून सह्या करतात. हे चुकतं ते तिसऱ्या महिन्यात. तोवर पाळकांना वाटतं, शिकवण्यापेक्षा आपणच करून टाकलेलं बरं.

इथे सामान्य सभासदांतून बिशपच्या परवान्याने उपदेश करणाऱ्या ‘रीडर’ची प्रथा 1866 पासून पुन्हा चालू आहे. नोकरी सांभाळून दीक्षा घेण्याचीही वाट आहे. 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी जिची निवड जाहीर झाली, त्या सारा मुलाली 2001 मध्ये डीकन झाल्या, म्हणजे दीक्षेची पहिली पायरी चढल्या, तेव्हा इंग्लंडच्या मुख्य परिचारिका अधिकारी होत्या आणि चर्चकडून पगार घेत नव्हत्या. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मिशनच्या काळात खेड्यातला शाळामास्तरच रविवारी उपासना घ्यायचा, बायबलबाई घरोघरी वचन सांगत फिरायची, आणि ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. मास्तर गेले आणि ती सगळी कामं एकट्या पाळकाच्या गळ्यात आली. आज महिला मंडळाचा हिशेब बहुधा कमिटीच्या हिशेबापेक्षा चोख असतो, तरी खजिनदार नेमताना त्या बायकांपैकी कुणाचं नाव पुढे येत नाही.

इंग्लंडच्या शिस्तीचं फार कौतुकही नको. इतके नियम असूनही एका शिबिरचालकाच्या अत्याचारांची दखल वेळेत घेतली गेली नाही, आणि त्या चौकशीचा अहवाल आल्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. त्यानिमित्ताने आपल्याला आजच करता येण्याजोगं एवढंच: शब्बाथ शाळेच्या कोणत्याही वर्गात एकटा मोठा माणूस नसावा, आणि तक्रार घेणारी व्यक्ती पाळकांच्या किंवा पंचांच्या घरातली नसावी.

पुढच्या सभेत मुदतीचा ठराव आणायचा असेल तर धर्मप्रांताचे नियम आधी पाहावेत, आणि मग मजकूर साधा ठेवावा: सलग दोन मुदती झालेल्याने पुढची एक मुदत बाहेर राहावं. मोजणी ठराव झाल्या दिवसापासून. मागची वर्षं धरली तर तो चार माणसांवर नेम धरल्यासारखा दिसतो आणि पडतो. उतरलेल्यांसाठी ‘सल्लागार मंडळ’ काढण्याचा मोह होईल. काढू नये, सहा महिन्यांत त्याची दुसरी कमिटी होते. त्यांना आजाऱ्यांच्या भेटीचं काम द्यावं, कारण घरं त्यांनाच माहीत असतात. आणि जुडगा परत घेताना पावती द्यावी, एकेका किल्लीपुढे कुलपाचं नाव लिहून.