स्वराज द्वीपावरील मुक्कामाविषयीच्या आपल्या अभिप्रायास मालकाचे उत्तर

नमस्कार.

लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात आपण दोघे डिसेंबरमध्ये पाच रात्रींसाठी अंदमानातल्या स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावर, आमच्याकडे उतरला होतात. परत गेल्यावर आपण पाचपैकी एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. तो मी स्वतः वाचला आणि त्या आठवड्यात कामावर असलेल्या सर्वांना एकत्र बसवून वाचून दाखवला; उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

आपण लिहिले आहे की छायाचित्रातला निळा समुद्र आपल्याला दुपारी एकदाही दिसला नाही, कॉटेजसमोर फक्त खडक आणि चिखलट वाळू होती, आणि पाण्यापर्यंत चालत जाताना आपल्या पायाला कापले. सूर्यास्त हुकला, वाळूवरचे जेवण माश्यांच्या चाव्यांमुळे अर्ध्यावर सोडावे लागले, एसी दोन रात्री बंद पडला, आणि परतीची बोट रद्द झाल्यामुळे वाढलेल्या रात्रीचे आम्ही पूर्ण पैसे घेतले. खोलीच्या दारावरच्या स्वागतफलकावर आपले नावही चुकीचे होते. यातली एकही गोष्ट आपण वाढवून लिहिलेली नाही, हे मी सर्वांसमोर मान्य करतो.

समुद्राबद्दल आधी लिहितो, कारण आपल्या नाराजीचे मूळ तिथे आहे आणि आमची सर्वांत मोठी चूकही तिथेच झाली. आमची जागा विजयनगरच्या किनाऱ्यावर, बेटाच्या पूर्व अंगाला आहे. इथला तळ फार उथळ आहे आणि प्रवाळाचे खडक किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात, त्यामुळे भरतीला जिथे छातीभर पाणी असते तिथेच ओहोटीला घोटाही बुडत नाही. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. आपण आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमा-अमावास्येला या बेटांवर साधारणपणे सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि दुपारी साडेतीन-चारला पूर्ण ओहोटी, आणि पुढे ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी सरकत जाते.

आता आम्ही काय केले ते सांगतो. एलिफंट बीचची फेरी, काला पत्थरचा किनारा आणि स्कूबाचा, म्हणजे पाण्याखाली बुडी मारण्याचा, धडा, हे सगळे आमच्याच माणसांनी आपल्यासाठी ओळीने सकाळच्या वेळेत ठरवले. म्हणजे कॉटेजसमोर पाणी काठोकाठ भरलेले असताना आम्ही आपल्याला रोज बाहेर पाठवले, आणि दुपारी ओहोटीच्या उघड्या खडकांसमोर आणून बसवले. आपण रिसेप्शनवर विचारलेत तेव्हा 'इथे असेच असते' असे उत्तर मिळाले, असे आपण लिहिले आहे. ते उत्तर अर्धे होते. पहाटे थोडे लवकर निघून एखादी फेरी कमी केली असती किंवा पुढे ढकलली असती, तर आपल्याला हवा होता तो समुद्र आपल्या पायरीपासून काही पावलांवर मिळाला असता.

मी मूळचा गुहागरचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आमच्याकडे लहान मुलालाही येतो. अंदमानात तो हिशेब लागू पडत नाही, इथे भरती त्याच्या आधी येते, आणि सुरुवातीच्या वर्षी मी स्वतःही त्यात फसलो होतो. ज्याला हे शिकून घ्यावे लागले त्याने पाहुण्याला ते पहिल्याच संध्याकाळी सांगायला हवे होते. पुण्याहून प्रथमच बेटावर येणाऱ्या माणसाने हे आपणहून ओळखावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. आता रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा रिसेप्शनवरच्या फळ्यावर मराठी, हिंदी, बंगाली आणि इंग्रजीत लिहिल्या जातात, आणि बुकिंग करतानाच मुक्कामाच्या दिवसांचे वेळापत्रक पाहुण्यांना पाठवले जाते. त्यातली दुपारची ओहोटी पाहून एखाद्याने बुकिंग रद्द केले तरी चालेल.

आपल्या पायाच्या जखमेविषयी लिहिताना मला जास्त वाईट वाटते. प्रवाळाने कापलेली जखम लहान दिसली तरी तिच्यात बारीक कण अडकून राहतात आणि ती लवकर चिघळते, म्हणून ती ताबडतोब स्वच्छ पाण्याने नीट धुवावी लागते. आपले पती मदत मागायला आले तेव्हा प्रथमोपचाराची पेटी कार्यालयात कुलूपबंद होती आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो जेट्टीवर गेला होता. वीस मिनिटे आपण पायाला रुमाल बांधून बसून होतात. याला कोणतेही स्पष्टीकरण नाही. पेटी आता किनाऱ्याकडच्या पडवीत उघडी ठेवलेली आहे, आणि ओहोटीत चालण्यासाठी जाड तळाचे बूट सर्व मापांत विनामूल्य ठेवले आहेत. घरी गेल्यावर आपल्याला डॉक्टरांकडे जावे लागले असे आपण लिहिले आहे. तो खर्च आमचा आहे.

सूर्यास्ताच्या बाबतीत दोन चुका एकमेकींत मिसळल्या. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरून समुद्रात सूर्य उगवताना दिसतो, मावळताना नाही. मावळतीसाठी पश्चिमेच्या राधानगरला जावे लागते. तरीही ज्या राधानगरला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, त्याच किनाऱ्याचा मावळतीचा फोटो आमच्या पानावर कोणत्याही खुलाशाशिवाय लावलेला होता, आणि तो आमच्या अंगणातला आहे असे कोणालाही वाटले असते. तो काढून टाकला आहे. दुसरी चूक गाडीच्या वेळेची. हे बेट मुंबईच्या सुमारे वीस अंश पूर्वेला आहे पण घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात इथे पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. आम्ही गाडी साडेचारला दिली. बेट ओलांडून आपण पोहोचलात तोपर्यंत सगळे संपले होते. गाडी साडेतीनला निघायला हवी होती.

वाळूवरचे जेवण आम्ही नेमके दिवेलागणीला, ओल्या वाळूलगत मांडले, आणि सँडफ्लाय, म्हणजे किनाऱ्यावरच्या बारीक चावऱ्या माश्या, सर्वांत जास्त चावतात ती वेळ आणि ती जागा हीच. किनाऱ्यावर विषारी फवारणी आम्ही करत नाही आणि करणारही नाही, कारण ती पावसाबरोबर सरळ प्रवाळावर जाते. परंतु टेबल वरच्या कोरड्या झाडाखाली आणि तासभर उशिरा मांडणे सहज शक्य होते, आणि आता तसेच मांडले जाते. त्या जेवणाचे पैसे आपल्याला परत मिळतील.

विजेबद्दल थोडक्यात: बेटावरची वीज मुख्यतः डिझेलवर अवलंबून आहे, ती अधूनमधून जाते, आणि आमच्या जनरेटरवर दिवे आणि पंखे चालतात पण एसी चालत नाहीत. हे पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे होते, ते आता सांगितले जाते.

एका मुद्द्यावर मात्र मी आमच्या माणसाच्या बाजूने उभा राहीन. मेलेल्या प्रवाळाचे दोन तुकडे आणि शंख आठवण म्हणून नेऊ दिले नाहीत, याचा आपल्याला राग आला. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासले जाते, आणि आपल्या सहलीचा शेवट तिथल्या चौकशीत होऊ नये हाच त्याचा हेतू होता. शिवाय ते मेलेले तुकडेच झिजून या किनाऱ्याची वाळू होतात. इतर पाहुण्यांसमोर त्याने आवाज चढवला हे मात्र चुकले, आणि त्याबद्दल त्याने स्वतः क्षमा कळवायला सांगितले आहे.

बोट रद्द झाली ती बंगालच्या उपसागरातल्या खवळलेल्या हवामानामुळे, आणि त्यात आमच्या हातात काही नव्हते. पण अडकलेल्या माणसाकडून हंगामाचा पूर्ण दर घेणे आमच्या हातात होते आणि आम्ही तो घेतला. त्याची मला लाज वाटते. यापुढे अशा रात्रीचे फक्त जेवणाचे पैसे घेतले जातील. विमानाच्या आदल्या रात्री श्रीविजयपुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला, मुक्काम ठेवावा, हा सल्लाही आता बुकिंगच्या पत्रात पहिल्या ओळीत आहे. आपल्याला तो मिळाला असता तर विमान चुकले नसते.

राहिले नाव. बुकिंग आपण स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या आडनावाने केले होते, आणि आमच्या माणसाने फलकावर आपल्या आडनावाच्या जागी आपल्या पतींचे आडनाव लिहिले. त्याला ते आदराचे वाटले, पण आपण कोणते नाव लावता हे ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि आपण सांगूनही फलक दोन दिवस तसाच राहिला. आपल्या अभिप्रायात या गोष्टीला एकच ओळ आहे, तरी मला ती फार लागली.

जादा रात्रीचे आणि त्या जेवणाचे पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात आज पाठवले आहेत. डॉक्टरांची पावती बुकिंगच्याच पत्त्यावर पाठवावी, ती रक्कमही लगेच दिली जाईल. आपण दिलेला तारा बदलावा अशी विनंती मी करत नाही. पुढच्या पाहुण्यांना आपला अभिप्राय आणि हे उत्तर दोन्ही वाचता यावेत एवढीच इच्छा आहे.