मामा, ती वाफ नव्हे

बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, एकतीस वर्षं काढलेल्या माझ्या मामांनी गणपतीत विडी सोडली. ना कुणी शपथ घातली, ना नवस बोलला. रोज बंडल संपवणारा माणूस तीन महिने गालात बडीशेप धरून बसतोय. परवा मी भेटायला गेले तर त्यांच्या खिशात विडीच्या जागी जांभळं पेन, वेप म्हणजे ई-सिगरेट. "अगं, डॉक्टरच सांगालेत की! नुसती वाफ हाय."

डॉक्टर कोण, तर व्हॉट्सॲप. पेन गोव्यात हॉटेलात कामाला असलेल्या मावसभावाने आणून दिलेलं. मेसेज असा: विडी-सिगरेट सोडताय, तर वेप घ्या. ९५ टक्के सुरक्षित, लंडनच्या सरकारचा रिपोर्ट. बिननिकोटिनचा घेतला तर धोका शून्य. सोडल्यावर खोकला वाढला असेल तर पुदिन्याच्या वाफेने कफ सुटतो, फुप्फुसाची प्रतिकारशक्ती वाढते. २१ दिवसांत फुप्फुस नवं. भारतात मान्यताप्राप्त. खाली एक मोबाइल नंबर. शहापुरात शेजारच्या अक्कांकडे हाच मेसेज कन्नडमध्ये आलाय. बाकी कशावर एकमत होईना, यावर झालं.

प्रतिकारशक्तीच्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं, म्हणून आधी तोच.

कोरोनात आपण सगळ्यांनी डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेतला, त्यामुळे 'वाफ' म्हटलं की मन लगेच निवळतं. पण वाफाऱ्यात पाणी असतं. या पेनात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, त्यात वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन. तारेची गुंडाळी तापते, हा द्रव उडतो आणि थंड होताना त्याचे बारीक थेंब होतात. ते थेंब थेट फुप्फुसाच्या तळाशी, हवेच्या फुग्यांपर्यंत पोचतात.

तिथे झाडूवाल्या पेशी असतात. मॅक्रोफेज म्हणतात त्यांना. धूळ, जंतू, मेलेल्या पेशी, जे सापडेल ते गिळणं हे त्यांचं काम. २०१८ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात डेव्हिड थिकेट यांच्या गटाने कधीच धूम्रपान न केलेल्या आठ जणांच्या फुप्फुसांतून या पेशी घेतल्या. काहींना वेपचा कच्चा द्रव दिला, काहींना तोच द्रव तापवून, उडवून, पुन्हा गोळा करून दिला, काही तशाच ठेवल्या. तापवलेला द्रव कच्च्यापेक्षा जास्त विषारी निघाला. पेशी जास्त मेल्या, सूज वाढवणारी रसायनं जास्त सुटली आणि जगलेल्या पेशींची जंतू गिळायची ताकद घटली. काही बदल तर धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसात दिसतात तसलेच. 'थोरॅक्स' या नियतकालिकात हे छापून आलंय.

आठच माणसं, पेशी प्रयोगशाळेच्या बशीतल्या, आणि प्रयोग एका दिवसाचा. त्यावरून मामांच्या फुप्फुसाचं भविष्य सांगता येणार नाही, हे मला कळतं. पण 'प्रतिकारशक्ती वाढते' म्हणणाऱ्याकडे आठ माणसंही नाहीत. एक मोबाइल नंबर आहे.

आता खोकला. मामांना खोकला वाढला, हे खरंच. विडीच्या धुराने श्वासनलिकेतले केसासारखे बारीक तंतू लुळे पडलेले असतात. धूर थांबला की ते पुन्हा हलायला लागतात आणि वर्षांचा साठलेला कफ वर ढकलतात. काही आठवडे खोकला वाढतो तो यामुळे. म्हणजे घरातली साफसफाई सुरू झाली, आणि आपण झाडू मारणाऱ्याच्याच डोळ्यांत चटणी टाकतोय. पुदिन्याने आराम पडतो, कारण मेंथॉलमुळे घशाची खवखव जाणवत नाही. कफ काही त्याने जात नाही.

आणि हाच आराम घातक. एकतीस वर्षं साच्याची वाळू छातीत गेलेल्या माणसाला टीबीचा धोका आधीच जास्त. दोन आठवड्यांवर खोकला टिकला की थुंकी तपासायची, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. मामांचा खोकला तीन महिन्यांचा. पुदिना ओढून तो दबला असता तर आम्हाला पत्ताच लागला नसता.

'९५ टक्के सुरक्षित' तर मूळ वाक्यच नाही. बारा तज्ज्ञांनी एकत्र बसून वेगवेगळ्या तंबाखू-निकोटिनच्या वस्तूंना अंदाजाने गुण दिले, ते २०१४ मध्ये छापून आले. तो आकडा पुढच्या वर्षी पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने उचलला, आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच त्यावर टीका केली. त्यात म्हटलं होतं ९५ टक्के 'कमी घातक', आणि तेही पेटत्या सिगरेटच्या तुलनेत. मामा पेटतं काहीच ओढत नाहीत. त्यांची तुलना करायची ती मोकळ्या हवेशी. ज्याने विडी टाकली त्याच्यासाठी वेप ही खालची पायरी नाही, परत वर चढणं आहे.

एक मात्र मान्य करावं लागतं, मनात नसलं तरी. वेपने सिगरेट सुटते, काहींची. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला: वर्षभरानंतर वेपच्या गटातले १८ टक्के सिगरेटमुक्त, निकोटिनचं च्युइंगम-पट्ट्या वापरणाऱ्यांतले ९.९ टक्के. दुप्पटीच्या जवळ. पण दोन्ही गटांना सुरुवातीचे किमान चार आठवडे दर आठवड्याला समोर बसून समुपदेशन होतं, द्रव तिथल्या नियमांतला होता. आणि सिगरेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते, दुसऱ्या गटात च्युइंगम-पट्ट्यांवर राहिलेले ९ टक्के. खुंटी बदलली, दावं तेच.

बिननिकोटिनचा धोका शून्य? ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात उंदरांना चार महिने निकोटिन नसलेली 'वाफ' दिली. त्यांच्या त्याच झाडूवाल्या पेशींत चरबी साठली आणि फ्लूचा विषाणू दिल्यावर ते जास्त आजारी पडले. उंदीरच ते, पण शून्य कुठे दिसलं?

२१ दिवसांचं तर बोलूच नये. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने २०२४ मध्ये हजार माणसांच्या रक्तावरून दाखवलं की धूम्रपान सोडल्यावर प्रतिकारशक्तीचा एक भाग लवकर सावरतो, दुसऱ्यावरचा परिणाम वर्षानुवर्षं राहतो.

'भारतात मान्यताप्राप्त' ही तर कमालच. कर्नाटकात २०१६ पासून आणि देशभर २०१९ च्या कायद्याने याची विक्री बंद. जाहिरातसुद्धा गुन्हा, पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खाली विक्रीचा नंबर असलेला मेसेज जाहिरात नव्हे तर काय? आणि बंदी असलेल्या मालात नेमकं काय भरलंय, हे तपासणारं कुणी नाही.

मावसभाऊ म्हणाला, "तुम्ही निपाणीवाले, तंबाखूवर घरं बांधलीत आणि आता शहाणपण शिकवताय." बांधली खरी. आजी विड्याच वळायची. म्हणून तर तिचा खोकला आठवतो.

तलफ आली तर मामांसाठी २ मिलिग्रॅमचं निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन फुकट आहे. मी लावून दिला. मामा पाच मिनिटं लाजले, मग वीस मिनिटं बोलत बसले. बुधवारी थुंकी तपासायला नेणार आहे. पेन माझ्या पिशवीत आहे, डब्यातल्या भाकरीलासुद्धा पुदिन्याचा वास लागलाय.