माझं लांब नळीचं दुखणं

सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणाला गुडघ्याचं दुखणं लागतं, कुणाला पित्ताचं, कुणाला शेअर बाजाराचं. मला पिस्तुलाचं लागलं.

याचं मूळ आमच्या कन्येत आहे. आठवीत गेल्यावर ती मैत्रिणीच्या नादाने गंगापूर रोडच्या एका रेंजवर एअर पिस्तूल शिकायला लागली. तिला सोडायचं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत दीड तास बसायचं आणि घरी आणायचं, एवढंच माझं काम. त्या खुर्च्यांवर बसून बसून आम्ही सगळे पालक या विषयातले पंडित झालो होतो. कुणी सांगायचं, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे लहानपणी नाशकातच क्रीडा प्रबोधिनीत होता आणि २०२४ ला पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. (तो रायफलवाला. पण खुर्च्यांवर इतका बारीक फरक कुणी करत नाही.) कुणी भीष्मराज बाम सरांची आठवण काढायचं. पोलिस खात्यातून निवृत्त होऊन इथे राहिलेले बाम सर नेमबाजांना हाताआधी मन आवरायला शिकवायचे. अशा गप्पा चालू असताना एक दिवस प्रशिक्षक म्हणाले, "काका, नुसते बसता रोज. मारून बघा दोन-चार." प्रशिक्षक असतील तिशीचे. 'काका' गिळला आणि उठलो.

पहिलाच छर्रा दहात लागला.

तिथेच घात झाला. दहा मीटरवरच्या त्या कार्डावर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ते बटण मी फोडलं होतं! पुढचे नऊ छर्रे चार, सहा, तीन असे गेले, एकाचा तर कार्डावर पत्ताच लागला नाही. पण पहिल्या डावात जिंकलेल्या माणसाला पुढचे डाव आठवत नाहीत. मी निष्कर्ष काढला की माणूस गुणी आहे, पिस्तूल आखूड आहे.

आणि होतंच ते आखूड. क्लबचं जुनं, रंग उडालेलं, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेलं. शेजारच्या लेनमध्ये एक कॉलेजचा मुलगा निळ्या, लांबलचक नळीच्या पिस्तुलाने संथपणे नऊ-दहा, नऊ-दहा मारत होता. एक माझं पिस्तूल आणि एक त्याचं. आंधळ्यालाही कारण कळलं असतं.

घरी येऊन वीजबिलाच्या पाठीवर गणित मांडलं. मागच्या साइटपासून, म्हणजे नेम धरायच्या खाचेपासून, पुढच्या फ्रंट साइटपर्यंतचं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटीपर्यंतचं, अंतर पस्तीस सेंटीमीटर धरलं, तर फ्रंट साइट एक दशांश मिलिमीटर सरकल्यावर छर्रा कार्डावर जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. तेच अंतर पंचवीस असेल तर चार मिलिमीटर. झालं सिद्ध. बिल घेऊन रेंजवर गेलो. प्रशिक्षकांनी ते नीट वाचलं, उलटून किती आलंय तेही पाहिलं, आणि म्हणाले, "काका, गणित बरोबर आहे. पण तुमच्या कार्डावर तिन्नी आहे. लांब पिस्तुलातसुद्धा तिन्नी काढायला फ्रंट साइट दोन मिलिमीटर हलवावी लागते. ते दशांशाचं मग बघू."

वर त्यांनी असंही सांगितलं की नळी लांब असली की वजन पुढे जातं, टोक डुलताना जास्त दिसतं, आणि नवखा माणूस ते डुलणं बघून घाबरतो. मग साइट जुळल्याच्या क्षणी 'आत्ता!' म्हणून ट्रिगरला हिसका देतो, आणि तिन्नी. मला हे पटलं नाही. मनासारखं बोलणारा सल्लागार मिळेपर्यंत माणसाने सल्ला घेत राहावा.

म्हणून शेजारच्या सुभेदार काकांकडे गेलो. देवळालीच्या तोफखान्यात आयुष्य गेलेला माणूस, नळ्यांबद्दल त्यांना नाही तर कुणाला कळणार? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती लांबून मारायचं म्हणालात?"

"दहा मीटर."

"अहो, आमच्या बोफोर्सची नळीच सहा मीटर. तुम्ही चार मीटरसाठी एवढं डोकं खाताय? चालत जाऊन पेन्सिलीनं भोक पाडा की."

देवळालीच्या नावावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्यांसाठी 'डूलॅली' असा शब्द आहे. बोटीची वाट बघत तिथे अडकून पडलेल्या गोऱ्या सोल्जरांवरून तो पडला. हे मला मुलीने सांगितलं. त्या आठवड्यातच का सांगितलं, ते विचारलं नाही.

मग किमती. चांगली पिस्तुलं येतात जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंडहून. वाल्थर, स्टायर, पार्दिनी, मोरिनी. नावं ऐकूनच कान तृप्त होतात. बायकोला वाटलं पार्दिनी हा साडीचा प्रकार. तिला किंमत सांगितली, दीड लाखाच्या पुढे, तशी ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दीड लाखात येवल्याला काय काय येतं, माहितीय?"

मी मनू भाकरचं उदाहरण दिलं. टोकियोत ऐन पात्रता फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं, सगळी मेहनत पाण्यात गेली, आणि तीच मुलगी पॅरिसला दोन पदकं घेऊन आली. साधन महत्त्वाचं असतं ते असं.

"अहो, तिचं पिस्तूल बिघडलं होतं. तुमचं काय बिघडलंय?"

संसारात काही प्रश्न उत्तरासाठी नसतात.

मधल्या काळात एका गृहस्थांकडे फ्री पिस्तूल पाहिलं आणि रात्रीची झोप गेली. पन्नास मीटरसाठीचं ते जुनं यंत्र. नळीच्या लांबीला नियमाची मर्यादा नाही. मूठ म्हणजे लाकडाचा हातमोजाच, मनगटापर्यंत आत जाणारा. ट्रिगर इतका हलका की नुसत्या विचाराने सुटेल. पण ते पडलं पॉइंट टू टूचं, हवेचं नव्हे, खऱ्या काडतुसाचं, म्हणजे परवाना, पोलिस चौकशी, आणि चौकशीला कुणी आलं की सोसायटीत पसरणाऱ्या बातम्या. त्यात तो प्रकार २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला. "म्हणजे आता तुम्हाला ऑलिंपिकलाही जाता येणार नाही," बायकोने हळहळ व्यक्त केली.

शेवटी सेकंडहँडवर आलो. इंदिरानगरमध्ये एक लांब नळीचं पिस्तूल विकायला होतं. नियम पाठ करूनच गेलो: ट्रिगर किमान पाचशे ग्रॅमचा हवा. तपासायची पद्धत सोपी आहे. पिस्तूल रिकामं, नळी आभाळाकडे, ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवायचं आणि अलगद उचलायचं. खटका न पडता वजन उचललं गेलं तर पास. वजन कुठून आणणार? वाटेत अर्धा किलो चिवडा घेतला, पुड्याला सुतळी बांधली. त्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात चिवडा ट्रिगरला लटकवला, श्वास रोखला आणि उचलला. पुडा अलगद वर आला, झोके घ्यायला लागला, खटका पडला नाही. पास! सौदा ठरणार तेवढ्यात कन्या म्हणाली, "बाबा, सिग्नलला तुम्ही त्यातला चिवडा खाल्लात ना?"

किती खाल्ला यावर एकमत होईना. चिवडा मोजायला गृहस्थांच्या घरी काटा नव्हता. पुन्हा येतो म्हणून निघालो.

दुसरा नियम खोक्याचा. पिस्तूल बेचाळीस बाय वीस बाय पाच सेंटीमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. असं खोकं घरात एकच सापडलं. पाच सेंटीमीटर उंची चपखल, लांबी एक बोटभर कमी, रुंदी जास्त होती तिथे पुठ्ठा लावला. ते पैठणीचं होतं. पैठणी मी अत्यंत काळजीपूर्वक उचलून पलंगावर ठेवली होती. पलंगावर कपड्यांचा ढीगही होता, आणि इस्त्रीवाला त्याच दिवशी येतो, हे मला काय माहीत? पैठणी संध्याकाळी परत आली, धडधाकट आली. पण मी खोक्यात पट्टी घालून बसलेला सापडलो ते सापडलोच.

दरम्यान सराव चालू होता. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं. किलोभराचं पिस्तूल साठ वेळा उचलायचं. लासलगावच्या माणसाला सांगायचं तर पन्नास किलोची कांद्याची गोणी आणि वर दहा किलो, तेही एका हाताने. म्हणून पाण्याने भरलेला तांब्या धरून मी गॅलरीत उभा राहायचो, हात लांब, मान ताठ. समोरच्या इमारतीतल्या आजी रोज मला बघून नमस्कार करायच्या. पुढे कळलं, त्यांना ते अर्घ्य वाटत होतं. दिशा चुकतेय, असा निरोपही त्यांनी पाठवला.

चौथ्या महिन्यात प्रशिक्षकांचा धीर सुटला. त्यांनी टेबलावर पाच पिस्तुलं मांडली, त्या कॉलेजच्या मुलाचं निळंही मागून आणलं. "काका, डोळे मिटा. पिस्तूल उचला. हात नेहमीसारखा आला की डोळे उघडा. फ्रंट साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर ते तुमचं. नळीकडे बघायचंच नाही."

निळं उचललं, डोळे उघडले. फ्रंट साइट खाचेच्या डावीकडे, जवळजवळ शेजारच्या लेनमध्ये. दुसरं वर गेलं. तिसरं, चौथं तसंच. पाचवं उचललं आणि डोळे उघडले, तर फ्रंट साइट मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत, जणू कुणी पट्टीने आखून ठेवलंय. मी तसाच उभा राहिलो. हात हलत होता, पण साइट एकमेकींना सोडत नव्हत्या.

"कुठलं आहे हे?"

"तुमच्या मुलीचं. कॉम्पॅक्ट. आखूड नळी." मग पूर्ण रेंजला ऐकू जाईल अशा आवाजात, "काका, तुमचा पंजाच लहान आहे हो! ग्रिप स्मॉल लागणार तुम्हाला!"

प्लॅस्टिकच्या खुर्च्या हसल्या. मी हात खिशात घातला.

आता बाप-लेकीत एकच पिस्तूल आहे. सोम-बुध-शुक्र तिचं, मंगळ-गुरू माझं, शनिवारी भांडण. दीड लाख वाचले, ही बातमी मी मोठ्या उत्साहाने घरात सांगितली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही येवल्याला गेलो. विणकराच्या माडीवर बायकोसमोर वीस-बावीस पैठण्या उलगडल्या गेल्या. तिने एक उचलली, हात लांब करून उजेडात धरली, एक डोळा किंचित बारीक केला आणि म्हणाली, "ही."

अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.