वाचनालय चालवा, वाचक टाळा

अभिनंदन! गावच्या नगर वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर तुमची बिनविरोध निवड झाली. पुस्तके वाचता का, असे कुणी विचारले नाही, हे उत्तमच.

आता आधी संस्थेचा कुठला तरी महोत्सव काढा. शताब्दी उलटून गेली असेल तर शतकोत्तर रौप्य, सुवर्ण काहीतरी निघतेच. स्मरणिकेत इतिहास लागेल. रत्नागिरीचे वाचनालय 1828चे, नाशिकचे 1840चे, पुण्याचे 1848चे; त्यांच्या पंगतीत आपल्याला बसवा. पुण्याचे तर सुरुवातीला ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ होते. जुन्या दप्तरात असा एखादा ‘नेटिव्ह’ सापडला तर सोन्याहून पिवळे. (दप्तर वाळवीने खाल्ले असेल तर आणखी बरे, खोडून कोण काढणार?) गावकऱ्यांनी वर्गणी काढून वर्तमानपत्रे मागवली, हे जरूर छापा. मात्र आजचा पेपर दुपारपर्यंत सचिवांच्या घरी असतो, हे छापू नका.

मग उद्दिष्टे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ते सुवाच्य अक्षरांत रंगवून कुलूपबंद कपाटांच्या वर लावा. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, असे त्यांत आहे. चावी कुणाकडे असावी, याबद्दल अवाक्षर नाही. वाचकाचा वेळ वाचवा, असेही आहे. दारातूनच परत पाठवले की तो वाचतो. आणि ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, हा पाचवा नियम तर आपल्यासाठीच केलेला. तळमजल्यावर गाळे काढा, भाड्याने द्या. वाढ रस्त्यावरून दिसेल.

खरे वाचन मात्र अनुदानाच्या नियमांचे करा. मद्रासने 1948 सालीच कायदा करून घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर लावला. आपल्या महाराष्ट्राच्या 1967च्या ग्रंथालय कायद्यात असला कर नाही, म्हणून गावाला हिशेब विचारायची सवय नाही. आपण फक्त सरकारला उत्तर द्यायचे, तेही अनुदान ज्यावर ठरते त्या अ, ब, क, ड वर्गाच्या तपासणीपुरते. 2012 साली राज्यभर पडताळणी झाली तेव्हा बऱ्याच जणांची धावपळ उडाली होती. तुम्ही देवघेव रजिस्टर आधीच भरून ठेवा. सह्या एकाच शाईत नकोत. मधूनच एखादे पुस्तक उशिरा परत आल्याचे दाखवा, दंडही लावा, खरेपणा येतो.

ग्रंथपालाची काळजी नको. पगार त्या अनुदानातूनच, म्हणजे हप्ता येईल तेव्हा. तोवर तोच दार उघडतो, झाडू मारतो, पेपर लावतो आणि तुमच्या पाहुण्यांसाठी चहा सांगतो. एवढे करूनही तो नवी पुस्तके वाचून कुणाला काय आवडेल ते सुचवत असेल, तर त्याला यादी टंकायला बसवा. ग्रंथालयांना पुस्तके पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून आलेले गठ्ठे सुतळीसकट ठेवा, मोजायला सोपे जातात. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, त्यांतला एक सोडून फोटोपुरती पुस्तके काढली तरी चालेल.

तरीही एखादी सातवीतली मुलगी ‘गोष्टीचं पुस्तक मिळेल का?’ म्हणून आलीच, तर रागावू नका. अनामत, पालकांची सही, दोन फोटो, रहिवासी दाखला, सगळे प्रेमाने समजावून सांगा आणि सोमवारी यायला सांगा. सोमवारी आपल्याला साप्ताहिक सुट्टी असते.