लेखनकलेवर पुस्तक लिहिलेल्यांसाठी मौलिक मार्गदर्शन

तुम्ही ‘लेखन कसे करावे’ या विषयावर पुस्तक लिहून प्रसिद्ध केले असेल, तर या व्यवसायातील सर्वांत सोपा भाग तुम्ही उरकला आहे. कथेला कथानक लागते, कादंबरीला आयुष्यातील काही वर्षे द्यावी लागतात आणि कवितेला निदान एखादा प्रेमभंग तरी जमवावा लागतो. लेखनकलेवरील पुस्तकाला मात्र इतरांनी लिहिते व्हावे एवढी तळमळ पुरते. ‘यापूर्वी आपण काय लिहिले आहे?’ असे विचारणारे खवट लोक अधूनमधून भेटतील. पोहायला शिकवणारा माणूस काठावरच उभा असतो, असे त्यांना शांतपणे सांगावे आणि लगेच त्यांच्या हातात पुस्तक ठेवून किंमत सांगावी.

खरे काम यानंतर सुरू होते. पुस्तक खपावे म्हणून व्याख्यान द्यायचे असते आणि व्याख्यान मिळावे म्हणून पुस्तक लिहायचे असते. या फेऱ्यात वाचन आणि लेखन ही दोन कामे नेमकी कोठे बसतात, याचा ऊहापोह मी माझ्या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात केलेला आहे. त्या पुस्तकाचे नाव येथे देण्याचा मोह मी कटाक्षाने आवरतो. मोह आवरल्याचे असे जाहीर सांगितले, म्हणजे नाव विचारणारे चार फोन हमखास येतात, हेही त्याच प्रकरणात आहे.

स्वतःच्या पुस्तकाची स्वतः वाखाणणी करण्यात आपल्याकडे एक जुनी अडचण आहे. समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणे सांगताना ‘आपली आपण करी स्तुती’ या इसमाला अगदी अग्रभागी बसवून ठेवले आहे. त्याच ग्रंथात अक्षर कसे काढावे यावर एक अख्खा समास आहे. अक्षराच्या वळणापासून बरू कोठून आणावेत येथपर्यंतचे मार्गदर्शन त्यांनी त्यात केले. पण शेवटी आगाऊ नोंदणीची सवलत जाहीर करण्याचे त्यांच्या मनात आले नाही, यावरून त्या काळी या क्षेत्राची किती दुरवस्था होती हे ध्यानात यावे. समर्थांच्या आक्षेपावरचा तोडगा असा की, आपली स्तुती आपण फक्त लिहावी. ती वाचण्याचे काम दुसऱ्याने करावे. सूत्रसंचालकाकडे स्वतःचा परिचय तृतीयपुरुषी भाषेत, मोठ्या टंकात, दीड पानात लिहून पाठवावा. त्यात ‘सिद्धहस्त’ हा शब्द एकदाच आणि ‘विनम्र’ हा शब्द दोनदा असावा. परिचयाचे वाचन चालू असताना मान खाली घालून ‘पुरे, पुरे’ अशा अर्थी हात हलवावा. मात्र तो इतका जोरात हलवू नये की सूत्रसंचालक खरोखरच थांबेल.

प्रसिद्धीसाठी विनोदासारखे साधन नाही, कारण जाहिरात ऐकताना माणूस खिसा सांभाळतो, पण हसताना त्याचे दोन्ही हात टाळ्या देण्यात गुंतलेले असतात. सुरुवात स्वतःवरच्या विनोदाने करावी. ‘माझे पुस्तक अजून माझ्या पत्नीनेही वाचलेले नाही’ हे वाक्य सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत प्रत्येक सभागृहात हशा मिळवते आणि खरे असल्यामुळे पाठही करावे लागत नाही. येथे एक पथ्य पाळावे. आपला विसरभोळेपणा, आपले अक्षर, आपले टक्कल आणि घरात चालणारी दुसऱ्याची सत्ता यांची यथेच्छ थट्टा करावी. आपली भाषा, आपला खप आणि आपले मानधन यांच्या वाटेला मात्र विनोदाने जाऊ नये. श्रोता भोळा असतो आणि आपण थट्टेत सांगितलेले तो पुढच्या आयोजकाच्या कानावर गंभीरपणे घालतो.

विनोद दर वेळी नवा हवा, असाही एक गैरसमज नवोदितांत आढळतो. ज्या श्रोत्यांनी तो आधी ऐकलेला असतो, ते इतरांच्या आधी हसतात आणि त्यामुळे नव्या श्रोत्यांना कोठे हसायचे ते कळते. असे दोन-तीन जुने श्रोते पदरी असणे हे भाग्याचे लक्षण आहे. त्यांना प्रवासखर्च द्यावा.

आता पंचांगाकडे वळू. मराठी वक्त्याचे वर्ष जानेवारीत १४ ते २८ या तारखांना, म्हणजे मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याने उजाडते. त्यापाठोपाठ २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त मराठी भाषा गौरव दिन येतो, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो, उन्हाळ्यात व्याख्यानमालांना बहर येतो आणि १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, त्याने भाषेचे काय होईल ते काळच ठरवील. वक्त्यांना मात्र आणखी एक तारीख तत्काळ मिळाली. या सर्व दिवसांसाठी एकच व्याख्यान पुरते. पहिली तीन वाक्ये बदलावीत, म्हणजे फेब्रुवारीत कुसुमाग्रजांपासून आणि ऑक्टोबरात कलामांपासून निघून चौथ्या वाक्याला बिनबोभाट आपल्या पुस्तकावर येता येते. चौथ्या वाक्याला येणे जमले नाही तर पाचव्याला यावे, पण त्यापुढे रेंगाळू नये.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, तेव्हा व्याख्यानाने समाज जागा होतो अशी समजूत होती. आजही समाज व्याख्यानानंतर जागा होतो. मात्र आभारप्रदर्शन लांबले तर तो पुन्हा झोपण्याचा संभव असल्यामुळे, पुस्तकविक्रीची घोषणा आभारांच्या आधी करून घ्यावी.

निमंत्रण कधीही नाकारू नये, हे सांगायला हवे का? पण इतिहासात असा प्रकार घडलेला आहे. १८८५ साली पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवले आणि ज्या सभेत आमच्या लोकांच्या हक्कांचा विचार नाही तिच्यात आम्ही मिसळणार नाही, अशा आशयाचे सडेतोड उत्तर फुल्यांनी दिले. त्या सभेला कोण कोण गेले होते ते आज अभ्यासकांना शोधावे लागते आणि न गेलेल्या माणसाचे पत्र मात्र अजून छापले जाते. तरीही तुम्ही या उदाहरणाने बहकू नये. न गेल्यामुळे नाव व्हायला आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते, आणि ती अट आपल्यापैकी बहुतेकांना जाचक आहे.

मानधनाचा विषय नाजूक असल्याने तो जवळून पाहू. तालुक्याच्या गावचे ‘ब’ वर्गाचे ग्रंथालय आहे आणि कार्यवाह फोनवर आहेत. ‘सर, आपल्यासारख्यांना आम्ही काय देणार? यथाशक्ती करू.’ यावर अनुभवी वक्ता म्हणतो, ‘अहो, पैशाचे काय घेऊन बसलात? साहित्यसेवा आहे.’ येथे दोन्ही बाजूंचे समाधान होते आणि फोन ठेवता येतो; नवशिके नेमके येथेच फोन ठेवतात. जाणकार मात्र क्षणभर थांबून विचारतो, ‘मागच्या वर्षी कोण आले होते हो?’ कार्यवाह नाव सांगतात. ‘वा, वा, मोठा माणूस. त्यांच्यासाठी गाडी पाठवली होतीत, नाही का?’ कार्यवाहांना हो म्हणावे लागते, कारण पाठवली होती. येथून पुढे फक्त आकडा ठरायचा असतो आणि तो त्यांनीच बोलावा म्हणून आपण गप्प बसायचे असते. कार्यक्रमानंतर हाती पडणारे पाकीट तेथे उघडू नये. शालीच्या घडीखाली धरून अंगठ्याने चाचपावे. त्यावर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. बोटाला फक्त तेच लागले, तर ‘सेवा’ हा शब्द आपण फोनवर फार जोरात उच्चारला होता असे समजावे आणि नारळ घट्ट धरावा.

सभागृहात लवकर पोहोचण्याचा उद्देश श्रोत्यांना भेटणे हा नसून टेबलाची जागा ठरवणे हा आहे. आयोजक पुस्तकांचे टेबल प्रवेशद्वाराशी मांडतात, जेथून येताना प्रत्येक जण घाईत असतो. ते उचलून सभागृह आणि चहा यांच्या मध्ये न्यावे. दीपप्रज्वलनासाठी बंद केलेले पंखे समई शांत होईपर्यंत कोणी लावत नाही, त्यामुळे दीड तास घामाघूम झालेला श्रोता चहाकडे धावतो आणि त्याच्या वाटेत तुमचे पुस्तक, तुम्ही, उघडलेले पेन आणि क्यूआर कोडचा फलक अशी नाकेबंदी असते. त्याने पुस्तक नुसते चाळायला उचलले तरी ‘नाव काय घालू?’ असे विचारून पहिल्या पानावर ‘यांस सप्रेम’ लिहून टाकावे. नाव घातलेली प्रत कोणी परत ठेवत नाही. मराठी माणूस भिडस्त आहे आणि साहित्यव्यवहार त्या भिडेवर उभा आहे. किंमत छापताना शंभर रुपये चढवून छापावी आणि ‘फक्त आजच्या दिवस’ शंभर रुपयांची सवलत रोज द्यावी.

आवृत्त्यांची चिंता करण्याचे दिवस गेले. पूर्वी हजार प्रतींची आवृत्ती पलंगाखाली वर्षानुवर्षे मुक्काम करीत असे. आता मागणीनुसार छपाईची सोय झाल्याने शंभर-शंभर प्रती छापाव्यात, म्हणजे वर्षाच्या आत पुस्तकावर ‘तिसरी आवृत्ती’ असे खरेखुरे छापता येते. खरे बोलूनच प्रसिद्धी करावी, या मताचा मी आहे. पुस्तकांच्या वितरणाबाबतच्या १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाला प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील एकेका ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवावी लागते. म्हणून मलपृष्ठावर ‘देशातील चार अग्रगण्य ग्रंथालयांच्या संग्रही असलेले पुस्तक’ असे निःसंकोच लिहावे. दिल्लीच्या कार्यालयाकडून विनामूल्य मिळणारा तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, ‘आंतरराष्ट्रीय नोंदणीप्राप्त’ या शब्दांत शोभून दिसतो. वर्तमानपत्रात ‘साभार पोच’ या सदरात पुस्तकाचे नुसते नाव आले, तर ‘अग्रगण्य दैनिकांनी दखल घेतलेले’ हा मजकूर आपोआप सिद्ध होतो. परीक्षण न आलेलेच बरे; परीक्षक कधीकधी वाचून लिहितात.

परदेशातील निमंत्रणांविषयी थोडक्यात सांगतो, कारण मला ते अद्याप आलेले नाही. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते, याचाच अर्थ दर दोन वर्षांनी ‘यंदा अमेरिकेच्या तारखा जुळत नव्हत्या’ असे जाता जाता म्हणता येते. हे वाक्य गाडी पाठवणाऱ्या कार्यवाहांसमोर म्हणावे.

प्रश्नोत्तरांची भीती बाळगू नये. पहिला प्रश्न आपल्या माणसाला आधीच देऊन ठेवावा, दुसरा प्रश्न नेहमी ‘रोज किती लिहावे?’ असा असतो आणि तिसऱ्या प्रश्नाच्या निमित्ताने एक निवृत्त गृहस्थ उभे राहून स्वतःची कविता म्हणतात, ज्यात वेळ संपते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘लिहिण्यापेक्षा आतून लिहावेसे वाटणे महत्त्वाचे’ असे द्यावे. हे उत्तर टिपून घेणारे पुढच्या कार्यशाळेला येतात. शुल्क भरलेल्या माणसाला आतून काय वाटते याची चौकशी करू नये.

एक धोका मात्र सर्व काळजी घेऊनही उरतो. तुमचे पुस्तक वाचून, किंवा बहुधा न वाचताच, एखादी मुलगी खरोखर लिहू लागते. एके दिवशी तिच्या कथांचे जाडजूड बाड प्रस्तावनेच्या विनंतीसह घरी येऊन पडते. चाळण्यासाठी म्हणून दोन पाने उलटावीत तर त्यातली बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्या शिवणारी बाई डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि आपल्या पुस्तकात सांगितलेला एकही नियम तिने पाळलेला नाही हे ध्यानात येते. अशा वेळी वाचन तेथेच थांबवावे. प्रस्तावना चार पानांची लिहावी. पहिल्या तीन पानांत आपल्या लेखनकार्यशाळांचा इतिहास द्यावा, चौथ्या पानावर ‘लेखिकेने माझ्या मार्गदर्शनाचे चीज केले आहे’ असे नमूद करावे आणि तळटीपेत आपले पुस्तक कोठे मिळेल ते सवलतीच्या किमतीसह कळवावे. प्रकाशनसमारंभाला अध्यक्ष म्हणून अवश्य जावे आणि टेबल चहाच्या वाटेत ठेवून घ्यावे. तिचा संग्रह डाव्या बाजूला मांडावा, आपले पुस्तक उजव्या, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यास पन्नास रुपयांची सूट द्यावी. ती सूट तिच्या किमतीतून वळती करावी.