नातवाचं आहे का?

गेल्या रविवारी मैदानावर माझ्या जुन्या ट्रान्समीटरने सुरू करताच पिप् पिप् असा आक्रोश केला, पडद्यावर ‘बॅकअप एरर’ ही अक्षरे दाखवली आणि त्यावरून मी उडवतो त्या आठही छोट्या मॉडेल विमानांची माहिती तो साफ विसरला. आतला सेल संपला होता. रेडिओ कंट्रोलच्या त्या काळातल्या संचांत सेटिंग्ज ज्या चिपमध्ये राहतात, तिला अखंड वीज लागते आणि ती पुरवायला सर्किटवर नाण्याएवढा, ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. मुख्य बॅटरी वेगळी, आठ निकेल-कॅडमियम सेलांची, ९.६ व्होल्टची. तिला मी वर्षानुवर्षे घरजावयासारखी जपत आलो. पोटातल्या या चिमुकल्याची कधी साधी चौकशीही केली नाही.

सोमवारी संध्याकाळी ट्रान्समीटर पिशवीत घालून मी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत गेलो. सेल सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा, घड्याळवाल्याकडेही मिळणारा. परंतु मला पत्र्याचे दोन पाय कारखान्यातच जोडलेला हवा होता. दुकानदाराने तसा नसल्याचे सांगून साधाच सेल पुढे केला आणि “दोन मिनिटांत सोल्डर मारून देतो” असे म्हणत इस्त्री करण्याइतकी तापलेली सोल्डरगन उचलली. लिथियम सेलच्या अंगावर थेट सोल्डर मारले तर तो उष्णतेने खराब होतो, प्रसंगी फुटतोही, हे मी त्यांना समजावत असतानाच शेजारून आवाज आला.

“नातवाचं आहे का?”

पंख्याचा कंडेन्सर न्यायला आलेले ते एक गृहस्थ होते. खांद्याला कापडी पिशवी, खिशाला दोन पेनं आणि चेहऱ्यावर निवृत्त माणसाची अथांग सवड.

“नाही, माझंच आहे,” मी म्हणालो.

“तुमचं? बरं, बरं.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “नातू नाहीये का?”

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. माझी मुलगी अकरावीत आहे. हे त्यांना सांगणे मला आवश्यक वाटले आणि सांगितल्यावर प्रकरण अधिकच केविलवाणे झाले. त्यांनी माझ्या केसांकडे एकदा पाहून घेतले आणि “हो का?” एवढेच म्हटले. त्या दोन अक्षरांत जेवढा अविश्वास मावला, तेवढा मी कोणत्याही न्यायालयात ऐकला नसता.

त्यानंतर त्यांनी परवानगी न विचारता ट्रान्समीटर उचलला आणि एरियल ओढायला सुरुवात केली. ती मीटरभराहून लांब होते, याची कल्पना त्यांना नसावी. शेवटचा टप्पा बाहेर आला तेव्हा तिचे टोक वर टांगलेल्या दिव्यांच्या माळेत अडकले होते आणि दुकानदार माझ्याकडे बघत होता, त्यांच्याकडे नव्हे.

“हल्ली दीड हजारात कॅमेऱ्यासकट ड्रोन मिळतं,” एरियल सोडवत ते म्हणाले. “हे जुनं खेळणं कशाला दुरुस्त करता?”

खेळणे या शब्दाने माझा तोल गेला. विमानाची पाती हलवणारा सर्व्हो कोणता उलटा फिरवायचा, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर किती टक्के हलवायचा, पंखांवरच्या ऐलेरॉनसोबत शेपटीचा रडर किती मिसळायचा, हे प्रत्येक विमानाचे वेगळे असते. ते पुसले गेले आणि लक्षात न येता उड्डाण केले, तर ट्रान्समीटरवरची काठी उजवीकडे नेल्यावर विमान डावीकडे कलंडते आणि चार महिन्यांचे बाल्साच्या हलक्या लाकडाचे काम चार सेकंदांत काडीकचरा होते, हे सारे मी एका दमात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले.

“मग वहीत लिहून ठेवलं नव्हतंत?”

दुकानात शांतता पसरली. गृहस्थांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि मला पान दाखवले: हॉलचा पंखा, कंडेन्सर २.५ मायक्रोफॅरड, मागच्या वेळी बदलल्याची तारीख आणि दिलेले पैसे. बेडरूमच्या पंख्याचे पान स्वतंत्र होते.

मी साधा सेल आणि त्याचा होल्डर घेऊन निघालो. घरी होल्डरच्या वायरी सर्किटला जोडल्या. पुढचा सेल बोटांनी बदलता येईल. हा आठ-दहा रुपयांचा होल्डर कारखान्यातच बसवायला काय हरकत होती, हे मला आजही कळलेले नाही. यंत्र तीस वर्षे टिकेल असे बनवायचे आणि त्याची स्मरणशक्ती मात्र कधी ना कधी संपणाऱ्या सेलवर सोपवून तो सोल्डरने पक्का करायचा, ही कोणाची अक्कल? निदान संपत आल्यावर आधी सांगावे. हा संच सांगतो ते सगळे गेल्यावर. जिवंत असताना सेल बदलायचा तर समांतर दुसरा ३ व्होल्टचा आधार जोडून माहिती वाचवता येते, ही विद्या मला होती. फक्त वेळेवर आठवली नाही.

आता वही आणली आहे. ट्रेनर विमानाच्या मागे उभा राहून काठी उजवीकडे नेतो, उजवा ऐलेरॉन वर गेल्याची खात्री करतो आणि लिहितो. सात विमाने झाली. आठव्याचे रडर मिसळण्याचे प्रमाण अठरा टक्के होते की बावीस, यावर गाडी अडली आहे. त्या गृहस्थांच्या हॉलमधला पंखा मात्र सोमवारी रात्रीच फिरू लागला असणार.